घरच्या कॉम्प्युटरची व्हर्च्युअल मेमरी किती ठेवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न कोथरूडहून येवो की हडपसरहून, सुरुवात बहुतेक एकच असते: "लॅपटॉप फार अडकतोय, व्हर्च्युअल मेमरी वाढवू का?" त्यामागोमाग कुणीतरी सांगितलेला एखादा आकडा येतो, आणि तो आकडा का, हे विचारणाऱ्यालाही माहीत नसतं. माझी कळकळीची विनंती एवढीच की आकडा टाकण्याआधी आपला कॉम्प्युटर किती मेमरी मागतोय ते स्वतः पाहा. ते दोन मिनिटांचं काम आहे आणि प्रश्न ४ मध्ये सविस्तर दिलं आहे. मेनूंची नावं विंडोज १० आणि ११ प्रमाणे आहेत.

१. व्हर्च्युअल मेमरी म्हणजे नक्की काय? एक प्रकारची रॅमच ना?

नाही. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे ओटा, हाताशी लागतं ते सगळं तिथं. डिस्क म्हणजे माळा. दिवाळीच्या फराळाला ओटा भरून गेला की आज न लागणारं मोठं पातेलं आपण माळ्यावर सरकवतो आणि लागलं की शिडी लावून खाली काढतो. विंडोज हेच करतं. बराच वेळ हात न लागलेले मेमरीचे तुकडे, प्रत्येक तुकडा ४ केबीचा, ते सी ड्राइव्हवरच्या पेजफाइल नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये ठेवतं आणि गरज पडली की परत रॅममध्ये आणतं.

शिडी चढायला वेळ लागतो, हे मात्र विसरू नका. रॅममधली माहिती साधारण १०० नॅनोसेकंदांत मिळते. एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कला, त्याच्या सुमारे हजारपट वेळ लागतो, फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे लाखपट.

काटेकोर बोलायचं तर "व्हर्च्युअल मेमरी" ही संकल्पना पेजफाइलपेक्षा मोठी आहे. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची स्वतंत्र मेमरी आहे असं भासवण्याची ती सगळी व्यवस्था. मँचेस्टर विद्यापीठाच्या १९६२ च्या अ‍ॅटलस कॉम्प्युटरमध्ये ती पहिल्यांदा वापरात आली. तिथं माळ्याचं काम फिरता चुंबकीय ड्रम करायचा. विंडोजच्या सेटिंगमध्ये मात्र या नावाखाली फक्त पेजफाइलचा आकार ठरवता येतो, म्हणून खाली दोन्ही शब्द त्याच अर्थानं वापरले आहेत.

२. ती वाढवली की कॉम्प्युटर फास्ट होतो का?

नाही. माळा मोठा केला म्हणून ओटा मोठा होत नाही. पेजफाइल पुरेशी असली की प्रोग्रॅम मध्येच बंद पडत नाहीत, "मेमरी संपली" असा मेसेज येत नाही. वेग वाढवायचा तर रॅम वाढवावी लागते, किंवा हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी लागते.

३. हे सेटिंग सापडतं कुठे?

स्टार्ट मेनूत "अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज" हे शब्द इंग्रजीत टाइप करा. जी खिडकी उघडेल तिच्यात परफॉर्मन्सच्या चौकटीतलं "सेटिंग्ज" बटण दाबा, मग "अ‍ॅडव्हान्स्ड" टॅब, मग व्हर्च्युअल मेमरीखालचं "चेंज".

सगळ्यात वर "ऑटोमॅटिकली मॅनेज" असं लिहिलेली खूण असते. ती असेल तर सगळा कारभार विंडोजकडे आहे. स्वतः आकडा द्यायचा असेल तर ती खूण काढा, खालच्या यादीतून ड्राइव्ह निवडा, "कस्टम साइझ" निवडा आणि इनिशियल व मॅक्झिमम असे दोन आकडे भरा.

इथं दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे आकडे एमबीत द्यायचे असतात. ८ जीबी हवे असतील तर ८१९२. जीबी समजून नुसतं "८" टाकून उपयोग नाही. दुसरी जास्त त्रासदायक आहे. आकडे भरल्यावर शेजारचं "सेट" बटण दाबावं लागतं. ते न दाबता थेट "ओके" केलं तर काहीच बदलत नाही, आणि माणूस महिनाभर समजत राहतो की सेटिंग करूनही फरक पडला नाही. आकार वाढवला तर बहुधा रीस्टार्ट लागत नाही, कमी केला तर लागतो.

४. माझ्या कॉम्प्युटरला याची गरज आहे की नाही, हे मी कसं ओळखू?

कन्ट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. "परफॉर्मन्स"मध्ये जाऊन "मेमरी" निवडा. सगळेजण वरचा रॅमचा आलेख बघतात, तुम्ही खाली "कमिटेड" या शब्दाखालचे दोन आकडे बघा. उदाहरणार्थ ९.४/१२.८ जीबी.

ते समजून घ्यायला केटररचं उदाहरण घेऊ. त्यानं मुंजीची दोनशे पानांची ऑर्डर घेतली. प्रत्यक्ष जेवायला येतात दीडशे. पण ऑर्डर घेताना त्याला पूर्ण दोनशेंची तयारी ठेवावी लागते, आणि त्याची ऐपतच दोनशेंची असेल तर वरच्या एकाही पानाला तो आधीच नाही म्हणतो. विंडोजही तसंच वागतं. प्रोग्रॅम मेमरी मागतात आणि विंडोज ती देण्याचा शब्द देतं. दिलेल्या शब्दांची बेरीज म्हणजे कमिटेडमधला पहिला आकडा. दुसरा आकडा म्हणजे ऐपत, रॅम अधिक पेजफाइल. पहिला आकडा दुसऱ्याला भिडला की विंडोज नवी मेमरी देत नाही, मग रॅमचा आलेख सत्तर टक्क्यांवरच का असेना. "रॅम शिल्लक दिसते तरी मेमरी संपल्याचा मेसेज का?" या प्रश्नाचं उत्तर इथं आहे.

तेव्हा तुमच्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी, म्हणजे जे जे एकाच वेळी उघडं ठेवता ते सगळं उघडून, हा आकडा बघा. पहिला आकडा दुसऱ्याच्या तीन चतुर्थांशाच्या आत असेल तर या सेटिंगला हात लावू नका. नव्वद टक्क्यांच्या आसपास जात असेल तर पुढचा प्रश्न वाचा. दिवसभरातला सर्वांत वरचा आकडा टास्क मॅनेजर दाखवत नाही. तो हवा असेल तर मायक्रोसॉफ्टचंच प्रोसेस एक्सप्लोरर हे फुकट साधन घ्या. त्याच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये "पीक" म्हणून तो दिसतो.

मेसेज येऊन गेला असेल आणि दोषी प्रोग्रॅम शोधायचा असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदींत क्रमांक २००४ शोधा. मेमरी संपत आली तेव्हा ती सर्वांत जास्त कोणी घेतली होती, त्या प्रोग्रॅमांची नावं विंडोज तिथं लिहून ठेवतं. बऱ्याचदा एकच प्रोग्रॅम हळूहळू फुगत गेलेला असतो. मग उपाय पेजफाइल नाही, तो प्रोग्रॅम अपडेट करणं किंवा बदलणं हा आहे.

५. ८ जीबी रॅम आहे. किती एमबी टाकू, सरळ आकडा सांगा ना.

रॅमवरून आकडा ठरत नाही, वापरावरून ठरतो. म्हणून एकच आकडा सगळ्यांना सांगणं मला पटत नाही. पण हिशेब सोपा आहे. कमिटेडचा तुमचा सर्वांत वरचा आकडा घ्या, त्यात पाव भाग आणखी मिळवा आणि त्यातून रॅम वजा करा. उरेल तो मॅक्झिमम.

समजा कॉलेजचा लॅपटॉप आहे. अँड्रॉइड स्टुडिओ, इम्युलेटर, क्रोमच्या वीस टॅब आणि ऑनलाइन लेक्चर असं सगळं उघडल्यावर कमिटेड १४ जीबीवर जातं. १४ चा पाव भाग ३.५, बेरीज १७.५. वापरता येणारी रॅम ७.८ जीबी. वजा जाता ९.७ उरले. मॅक्झिमम १०,२४० एमबी द्या, इनिशियल ४०९६. प्रोग्रॅम बंद पडायचे थांबतील. पण ८ जीबीच्या ओट्यावर १४ जीबीचा स्वयंपाक चालू आहे, तेव्हा शिडीवर चढउतार होणारच. अशा विद्यार्थ्याला मी घरी बोलून रॅम १६ करून घे असंच सांगतो.

आता दुसरं घर. सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, यूट्यूब, थोडं टायपिंग. कमिटेड साडेसहाच्या पुढे जात नाही. पाव भाग धरून आठच्या थोडं वर, रॅम वजा केली की जवळजवळ काहीच उरत नाही. इथं ऑटोमॅटिक ठेवा. हातानं द्यायचंच असेल तर इनिशियल २०४८ आणि मॅक्झिमम ४०९६ पुरे. हिशेब शून्य आला तरी पेजफाइल शून्य का ठेवायची नाही, ते प्रश्न ८ मध्ये.

इनिशियल आणि मॅक्झिमम सारखेच ठेवावेत का, असंही विचारतात. फिरती हार्ड डिस्क असेल तर थोडा फायदा आहे, कारण वाढत जाणारी फाइल डिस्कवर तुकड्या तुकड्यांत पसरते. एसएसडीवर त्यानं फरक पडत नाही.

६. आमच्या क्लासच्या सरांनी "रॅमच्या दीडपट ते तिप्पट" असं शिकवलं होतं. ते चूक होतं का?

तेव्हा चूक नव्हतं. विंडोज एक्सपीच्या काळात घरच्या कॉम्प्युटरला २५६ किंवा ५१२ एमबी रॅम असायची, आणि कमी रॅमवाल्याला आधार जास्त लागायचा. आज त्याच नियमानं ३२ जीबीवाल्याला ९६ जीबीची पेजफाइल ठेवावी लागेल, आणि खरी गरज असलेल्या ४ जीबीवाल्याला मात्र १२ वर थांबावं लागेल. ज्याच्याकडे रॅम जास्त त्यालाच आधारही जास्त, असा उलटा हिशेब होतो. सरांबद्दल आदर ठेवा आणि नियम सोडून द्या.

७. सगळं ऑटोमॅटिकवर सोडलं तर विंडोज काय करतं? ते भरवशाचं आहे का?

बहुतेक घरांसाठी आहे, आणि माझा पहिला सल्ला नेहमी तोच असतो. कमिटेडचा पहिला आकडा दुसऱ्याच्या ९० टक्क्यांवर गेला की विंडोज पेजफाइल आपणहून वाढवत नेतं. रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यांतलं जे मोठं असेल तिथपर्यंत. पण आणखी एक अट आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही: त्या ड्राइव्हच्या एकूण आकाराच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त नाही.

मोठ्या ड्राइव्हवर ही अट जाणवत नाही. लहान ड्राइव्हवर जाणवते. १२८ जीबीची एसएसडी विंडोजला साधारण ११८ जीबी दिसते, तिचा अष्टमांश १५ जीबीच्याही आत येतो. ६४ जीबी साठवणीचे स्वस्त लॅपटॉप तर ७ जीबीच्या आसपास अडतात. अशा मशिनवर ऑटोमॅटिक असूनही मेमरी संपल्याचा मेसेज येत असेल, तर प्रश्न ५ चा हिशेब करून हातानं आकडा देणं योग्य.

दुसरी अडचण साधी आहे. ड्राइव्ह भरलेला असेल तर फाइल वाढायला जागाच नसते. सी ड्राइव्हवर १५-२० जीबी मोकळे ठेवायची सवय लावा.

८. माझ्याकडे ३२ जीबी रॅम आहे. पेजफाइल बंदच करून टाकू का?

करू नका. यूट्यूबवर हा सल्ला छातीठोकपणे देतात आणि तो पाळून फसलेले लोक पुन्हा पुन्हा भेटतात.

पेजफाइल काढली की ऐपत फक्त रॅमएवढी उरते. काही गेम, व्हिडिओ एडिटिंगचे प्रोग्रॅम आणि व्हर्च्युअल मशिन मेमरी भरपूर राखून ठेवतात आणि वापरतात त्यातली थोडीच. पेजफाइल असते तेव्हा हे राखून ठेवणं कागदावरच भागतं, डिस्कवर एक अक्षर न लिहिता. ती नसेल तर न वापरलेल्या मेमरीसाठीही खरी रॅम अडकते आणि निम्मी रॅम मोकळी असताना प्रोग्रॅम बंद पडतो, तोही कधी कधी न सांगता, काम सेव्ह न करता.

शिवाय सकाळी उघडून विसरलेला प्रोग्रॅम दिवसभर ओटा अडवून बसतो, त्याला माळ्यावर टाकायची सोय राहत नाही. आणि निळा पडदा येऊन मशिन बंद पडलं तर त्याच्या कारणांची नोंद लिहायलाही विंडोजला सर्वसाधारणपणे सी ड्राइव्हवरची पेजफाइलच लागते.

९. सी ड्राइव्ह भरलाय. पेजफाइल डी ड्राइव्हवर हलवली तर चालेल?

डी म्हणजे काय आहे यावर ठरेल. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये डावीकडे डिस्कची नावं दिसतात. "डिस्क ०" समोरच सी आणि डी दोन्ही लिहिलेले असतील तर ती एकच डिस्क आहे, फक्त भाग पाडलेले आहेत. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये सी, डी, ई असे तीन भाग पाडून देण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. अशा वेळी सीवरची जागा सुटेल, पण वेग वाढणार नाही. फिरती डिस्क असेल तर उलट कमी होईल, कारण डिस्कचा हेड सी आणि डीमध्ये सारखा येरझारा घालत राहतो.

सी एसएसडी आणि डी वेगळी फिरती हार्ड डिस्क असेल तर मुळीच हलवू नका. वेगवान डिस्कवरचं काम तुम्ही मंद डिस्कवर ढकलताय. त्यापेक्षा सी मोकळी करा: डाउनलोड्सचा फोल्डर, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले लग्नाचे व्हिडिओ, डिस्क क्लीनअप. प्रश्न ११ मधली युक्तीही बघा.

डी ही दुसरी स्वतंत्र एसएसडी असेल तर खुशाल हलवा. फक्त सीवर एक छोटी पेजफाइल राहू द्या. कारण प्रश्न ८ च्या शेवटी आहे. पेनड्राइव्ह किंवा यूएसबीची बाहेरची डिस्क यासाठी वापरू नका.

१०. पेजफाइलमुळे एसएसडी लवकर मरते म्हणतात. खरं आहे का?

भीती अनाठायी आहे. ५०० जीबीच्या अनेक चांगल्या एसएसडींना ३०० टीबी लेखनाची हमी असते. पेजफाइलसाठी रोज १० जीबी लिहिले गेले असं धरलं तरी ३०,००० दिवस होतात, म्हणजे ऐंशी वर्षांच्या वर. त्याआधी लॅपटॉपच बदललेला असेल. अपवाद एकच: ४ जीबी रॅम, लहान आणि स्वस्त साठवण, आणि टास्क मॅनेजरमध्ये दिवसभर डिस्क शंभर टक्के कामात. तिथं लेखन खरंच जास्त होतं. पण तिथंही उपाय रॅम वाढवणं हाच आहे.

११. सी ड्राइव्हवर पेजफाइल नावाची १२ जीबीची फाइल सापडली. व्हायरस आहे का? डिलीट होत नाहीये.

व्हायरस नाही, आणि विंडोज ती वापरत असल्यामुळे डिलीट होत नाही. आकार कमी करायचा तर प्रश्न ३ च्या वाटेनं जा.

तिच्या शेजारी "हायबरफिल" नावाची आणखी एक मोठी फाइल दिसेल. ती पेजफाइल नाही. हायबरनेट करताना रॅममधलं सगळं तिथं लिहिलं जातं, आणि तिचा आकार साधारण रॅमच्या ४० टक्के असतो. हायबरनेट कधीच वापरत नसाल तर ते बंद करून बरीच जागा परत मिळवता येते. त्यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं. एसएसडी असेल तर ते फारसं जाणवत नाही.

१२. पायथनमध्ये मॉडेल ट्रेन करताना "पेजिंग फाइल इज टू स्मॉल", एरर १४५५ येते. प्रोजेक्ट पुढच्या आठवड्यात आहे!

इंजिनिअरिंगच्या मुलांकडून सध्या सर्वाधिक येणारा प्रश्न. घाबरू नका, कोड बहुधा बरोबर आहे. १४५५ चा अर्थ कमिटेडची मर्यादा संपली, एवढाच. पायटॉर्चमध्ये डेटा लोडरचे वर्कर वाढवले की विंडोज प्रत्येक वर्करसाठी वेगळी प्रोसेस सुरू करतं, आणि ग्राफिक्स कार्डाच्या मोठमोठ्या लायब्ररी प्रत्येक प्रोसेस पुन्हा लोड करते. प्रत्येकीसाठी काही जीबी राखले जातात. आठ वर्कर म्हणजे आठपट.

आधी वर्करची संख्या शून्य करून पाहा. एरर गेली तर निदान पक्कं झालं. मग एक, दोन असं वाढवत न्या आणि कमिटेडवर लक्ष ठेवा. जास्त वर्कर हवेतच असतील तर पेजफाइलचा मॅक्झिमम वाढवा. इथं १६ जीबी रॅमवरही २० ते ३० जीबीची पेजफाइल रास्त ठरू शकते. ही मेमरी बरीचशी राखलेलीच असते, वापरलेली नसते, त्यामुळे मशिन त्या प्रमाणात मंद होत नाही. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी संपल्याची एरर वेगळी असते. तिला पेजफाइलचा उपयोग नाही, बॅचचा आकार कमी करावा लागतो.

१३. मी डीटीपी करते. फोटोशॉप "स्क्रॅच डिस्क फुल" म्हणतं. पेजफाइल १६ जीबी केली तरी तेच.

कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोशॉप तात्पुरत्या कामासाठी स्वतःच्या वेगळ्या फाइली बनवतं आणि त्यांची जागा फोटोशॉपच्याच प्रेफरन्सेसमध्ये ठरते. तिथं जास्त मोकळी जागा असलेला ड्राइव्ह निवडा. सीवर वाढवलेली पेजफाइल कदाचित हीच जागा खात असेल, म्हणून ती पुन्हा ऑटोमॅटिक करा.

जुन्या पेजमेकरसारखे ३२ बिटचे प्रोग्रॅम वापरत असाल तर आणखी एक मर्यादा आहे. अशा प्रोग्रॅमला सहसा २ जीबीच मेमरी वापरता येते, मग रॅम आणि पेजफाइल कितीही असो. मोठं दिवाळी अंकाचं काम असेल तर फाइल भागांत करा.

१४. ८ जीबी रॅम विकत घेतली, पण मशिन ५.९ वापरता येते म्हणतं. उरलेली व्हर्च्युअल मेमरीनं भरून काढू?

ती रॅम हरवलेली नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशिनमध्ये पडद्याच्या कामासाठी रॅमचाच एक भाग बाजूला काढलेला असतो. टास्क मॅनेजरमध्ये तो "हार्डवेअर रिझर्व्ड" म्हणून दिसतो. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो कमी करता येतो. पेजफाइल हा भाग परत आणत नाही. हिशेब करताना मात्र ८ नव्हे, ५.९ धरा. ४ जीबीचं मशिन ३.२ च्या आसपास दाखवत असेल तर विंडोज ३२ बिटचं असण्याची शक्यता आहे.

१५. निळा पडदा येतो आणि त्यावर "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया" असं लिहिलेलं असतं. पेजफाइल खराब झाली का?

नावामुळे तसं वाटतं, पण नाही. मेमरीचा जो भाग डिस्कवर कधीच पाठवला जात नाही, तिथं कुणीतरी चुकीच्या पत्त्यावर हात घातला आहे. कारण बहुतेक वेळा खराब ड्रायव्हर असतो किंवा सदोष रॅम. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा, आणि अलीकडे रॅम किंवा प्रिंटर नवा बसवला असेल तर तो काढून पाहा. व्हर्च्युअल मेमरीचे आकडे बदलण्यात वेळ घालवू नका.

१६. प्रत्येक वेळी चालू करताना "तात्पुरती पेजिंग फाइल तयार केली" असा मेसेज येतो.

ठरवून दिलेल्या जागी विंडोजला पेजफाइल बनवता आली नाही. बहुधा ती ज्या ड्राइव्हवर ठेवली होती तो काढला आहे, त्याचं अक्षर बदललं आहे किंवा तो भरला आहे. सगळ्या ड्राइव्हवर "नो पेजिंग फाइल" करून सेट दाबा, मग ऑटोमॅटिकची खूण परत करा आणि रीस्टार्ट करा. तरीही आला तर डिस्क तपासून घ्या आणि त्याआधी फोटोंचा बॅकअप.

१७. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली. पेजफाइलमध्ये असलेलं काम परत मिळेल का?

नाही. मशिन पुन्हा सुरू झालं की पेजफाइलमधल्या जुन्या मजकुराचा विंडोजला काही उपयोग नसतो. काम वाचवतं ते प्रोग्रॅमचं ऑटोसेव्ह आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस.

१८. काका, जुना लॅपटॉप विकायचाय. पेजफाइलमध्ये पासवर्ड राहतात का?

मेमरीतले तुकडे तिथं राहू शकतात, म्हणून प्रश्न रास्त आहे. विकताना विंडोज रीसेट करा आणि त्यात ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा. मशिन वापरात असतानाच डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू असेल तर पेजफाइलही त्यात सुरक्षित राहते. बंद होताना दर वेळी पेजफाइल पुसण्याचीही एक सोय विंडोजमध्ये आहे, पण त्यानं मशिन बंद व्हायला फार वेळ लागतो. घरी त्याची गरज नाही.

१९. रॅम साफ करणारं सॉफ्टवेअर टाकू का?

नको. ते चालू प्रोग्रॅमना रॅममधून बाहेर हाकलतं. आकडा कमी झालेला दिसतो, आणि पुढच्या क्लिकला तेच तुकडे परत आणावे लागतात, म्हणजे शिडीची जास्तीची फेरी. विंडोज १० पासून मेमरी दाबून बसवण्याची सोय आतच आहे.

२०. उबंटू, मॅक आणि मोबाइलचं काय?

उबंटूत याला स्वॅप म्हणतात. १७.०४ या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये वेगळ्या पार्टिशनऐवजी स्वॅप फाइल मिळते. हायबरनेट हवं असेल तर ती किमान रॅमएवढी ठेवा. "स्वॅपीनेस"चा मूळ आकडा ६० असतो. घरी तो बदलून मोठा फरक पडलेला मी पाहिलेला नाही. मॅकवर असं सेटिंग नसतं, अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख हिरवा आहे ना एवढंच बघा. मोबाइलच्या खोक्यावरचं "८ + ८ जीबी" यातलं दुसरं ८ म्हणजे हाच माळा आहे. फोन घेताना पहिला आकडाच धरा.

२१. रॅम वाढवायचं ठरलं. काय बघून घेऊ, आणि नंतर हे सेटिंग बदलायचं का?

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर "स्लॉट्स यूज्ड" बघा. "१ ऑफ २" असेल तर एक खाच मोकळी आहे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते आणि खाचच नसते, तेव्हा मॉडेलचं नाव टाकून आधी खात्री करा. डीडीआर ३, ४ आणि ५ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. पुण्यातल्या तपकीर गल्लीत जा किंवा घराजवळच्या दुकानात, लॅपटॉप सोबत न्या, आणि रॅम बसवून, चालू करून, टास्क मॅनेजरमध्ये नवा आकडा दिसल्यावरच पैसे द्या.

पेजफाइल ऑटोमॅटिकवर असेल तर नंतर काहीच करायचं नाही. हातानं आकडा दिलेला असेल तर आठवडाभर नेहमीसारखं काम करा, कमिटेड पुन्हा बघा आणि प्रश्न ५ चा हिशेब नव्या रॅमवर करा. वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थ्यानं १६ जीबी केली तर १७.५ मधून जवळजवळ १६ वजा जातील. १०,२४० चा मॅक्झिमम त्याला आता लागणार नाही. त्यानं ऑटोमॅटिकची खूण परत करावी आणि एकदा रीस्टार्ट करावं.